लोकरीतच मुरलेला रंग

‘डाइड-इन-द-वूल’, शब्दशः ‘लोकरीतच रंगवलेला’, या इंग्रजी विशेषणाचा अर्थ शब्दकोशात मिळतो तो असा: कट्टर, पक्का, काही केल्या न बदलणारा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ते पक्षनिष्ठांना चिकटलं आणि कट्टरपणाची छटा आणखी गडद झाली. आपल्या ‘हाडाचा शिक्षक’मधल्या ‘हाडाचा’च्या ते बरंच जवळ जातं. पण माझी उभी हयात रंगाईखात्यात गेली आहे, आणि हा अर्थ मला नेहमी अपुरा वाटत आला.

लोकर रंगवायची ती सुटी असताना, सूत कातल्यावर किंवा कापड विणून झाल्यावर. थान रंगवणं सर्वांत सोयीचं. पण लोकरीचं जाड कापड कुटून दाट केलेलं असतं. रंगाच्या पाण्यात उकळलं तरी वरचे तंतू रंग आधी ओढून घेतात. असं एखादं लाल थान कात्रीने कापा आणि कड भिंगाखाली धरा. दोन्ही अंगांना गडद लाल, मधोमध फिकट, कधी जवळजवळ पांढरी रेघ. कोपराशी कापड झिजलं की हीच रेघ वर येते. सुट्या लोकरीत मात्र रंग तंतूतंतूपर्यंत पोचतो. कापड विरलं तरी आत तोच रंग.

म्हणून रंग पक्का होतोच असं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पक्केपणा ठरतो तो रंगद्रव्यावर आणि तुरटीसारख्या बंधकावर. कच्च्या रंगात घातलेली सुटी लोकरही उन्हात विटते. प्लेटोला हे नेमकं कळलं होतं. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात तो रंगाऱ्यांचा दाखला देतो: ते आधी पांढरी लोकर निवडतात, ती निगुतीने तयार करतात, मगच जांभळ्या रंगात घालतात, तो रंग मग क्षाराने धुऊनही जात नाही. सैनिकांचं शिक्षण असंच हवं, हे त्याचं म्हणणं. इंग्लंडमध्ये धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड हूकरने 1597 साली बालपणालाच लोकर मानून हा विचार मांडला.

त्या काळी इंग्लंडचं पुष्कळसं कापड पांढरंच नेदरलंड्सला जाई आणि तिथे रंगे. रंगाईचा नफा घरी राहावा म्हणून 1614 मध्ये व्यापारी विल्यम कॉकेनच्या आग्रहावरून पहिल्या जेम्स राजाने पांढऱ्या कापडाची निर्यात रोखली. डचांनी रंगीत इंग्रजी कापड नाकारलं, धंदा बसला आणि 1617 मध्ये योजना गुंडाळावी लागली. विल्टशायर-सॉमरसेटकडच्या कापडवाल्यांनी मात्र वेगळी वाट धरली. स्पॅनिश लोकर आधी रंगवायची, निरनिराळे रंग मिसळायचे आणि मग कातायचं. ‘स्पॅनिश क्लॉथ’ नावाने हा माल खपू लागला.

मला या पद्धतीचं खरं वैभव या मिसळण्यात दिसतं. सुटी लोकर रंगताना कुठे गडद, कुठे फिकी उतरते. पिंजताना ते सारं एकजीव होतं. हॅरिस ट्वीडचा करडा तुकडा भिंगाखाली पाहिला, तर त्यात निळे, तपकिरी, पिवळे तंतू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या या कापडाची व्याख्या ब्रिटनने 1993 साली कायद्याने ठरवली, आणि लोकर त्याच बेटांवर रंगवलेली व कातलेली हवी, अशी त्यात अट आहे.

बाजार आता उलट दिशेने चालला आहे. इटलीच्या बेनेटनने स्वेटर आधी विणून, हंगामात कोणता रंग खपतो ते पाहून मग रंगवण्याची पद्धत रुजवली. लोकरीतच रंगवायचं तर रंग कित्येक महिने आधी ठरवावा लागतो आणि चुकला तर माल पडून राहतो. तरीही मिश्र रंगाच्या कापडासाठी गिरण्या आजही सुटी लोकरच रंगवतात, कारण तो करडा रंग थान रंगवून येत नाही.