पहिली सायकल

दर वर्षीं जून महिना लागला, शाळेच्या पटावर नवीं नांवें चढलीं, कीं आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "सर, मुलाला सायकल घ्यायची आहे, कोणती घेऊं?" आम्ही शाळेंत भाषा व इतिहास हे विषय शिकवितों, सायकलच्या दुकानाशीं आमचा संबंध गिऱ्हाइकापलीकडे नाहीं. तरी गेलीं वीस वर्षें आम्ही सायकलवरूनच शाळेंत येतों, एवढ्या एका पुण्याईवर पालकमंडळींनीं आम्हांस या विषयांतले अधिकारी पुरुष ठरवून टाकिलें आहे. प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां एकदांच काय तें लिहून काढावें, या हेतूनें हा लेख वार्षिकाच्या संपादकांच्या स्वाधीन करीत आहों.

पालक विचारतात तें बहुधा असें : कंपनी कोणती, गिअर किती, टिकेल किती वर्षें. मुलें रंगाचें नांव आधीं घेतात, तें वयास शोभतेंच. परंतु मापाविषयीं कोणीच विचारीत नाहीं. चपला घेतांना जो बाप मुलाचें पाऊल चपलेवर ठेवून पाहिल्याशिवाय पैसे मोजीत नाहीं, तोच सायकल घेतांना मुलास घरीं ठेवून एकटा दुकानीं जातो, आणि संध्याकाळीं ती वस्तु अनपेक्षित भेट म्हणून दारांत आणून उभी करतो. या अनपेक्षित भेटीचें आम्हांस भय वाटतें, आणि त्यास कारण आहे.

गोष्ट इ. स. १९९२ च्या जूनमधली. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे होतों. मिरजेच्या पूर्वेस दोन कोसांवर एका खेड्यांत आमचें घर होतें. गांवची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठीं मिरजेस जाणें भाग होतें. वडील एका दवाखान्यांत कंपौंडर होते. त्यांनीं दोन वर्षें थोडे थोडे पैसे बाजूस टाकिले होते, त्यांतून आमच्यासाठीं सायकल घ्यावयाची ठरली. दुकानदारानें त्यांस एकच प्रश्न केला : "बावीस का चोवीस?" काळ्या रंगाच्या, सळीच्या ब्रेकांच्या त्या मोठ्या सायकली या दोन मापांत मिळत. हा आंकडा सांगाड्याचा असे. म्हणजे पायडलचा आंस जेथें बसतो तेथपासून सीटखालच्या उभ्या नळीच्या टोंकापर्यंतचें अंतर. चाकें दोहोंचीं सारखींच, २८ इंचांचीं. किंमतींतहि म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमचे सदरे शिवून घेतांना आई जो हिशेब करीत असे, तोच वडिलांनीं तेथें केला : अंग वाढतें आहे, मोठेंच घ्यावें. त्यांनीं चोवीस घेतली.

सदऱ्याच्या बाह्या दुमडतां येतात. सायकलचा सांगाडा दुमडतां येत नाहीं. सीट अगदीं खालीं बसविली तरी आमचे पाय पायडलच्या खालच्या टोंकास पोंचेनात. प्रथम कांहीं महिने आडव्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वांकडें करून आम्ही ती चालविली. आमच्या पिढीचे बहुतेक लोक असेच शिकले आहेत, व ती हकीकत मोठ्या कौतुकानें सांगतात. पुढें दांडीवर बसून, कंबर डावीउजवीकडे झोंकीत, बोटांच्या टोंकांनीं पायडल ढकलण्याची विद्या साधली. चालत्या सायकलवर आम्ही राजे होतों. थांबावयाचें म्हटलें कीं दगड किंवा पार शोधावा लागे.

पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत, एका रविवारीं, सात वर्षांच्या धाकट्या बहिणीस कॅरियरवर बसवून आम्ही मावशीकडून परत येत होतों. पाऊस नुकताच पडून गेला होता. शेतांतून एक बैलगाडी रस्त्यावर आली. आम्हीं ब्रेक दाबला. परंतु आमच्या हाताच्या मानानें ती मूठ लांब होती, आणि भिजलेल्या पोलादी रिमवर रबर जसें धरावें तसें धरीना. गाडीवानानें बैल आवरले. गाडीस धक्काहि लागला नाहीं. सायकल थांबली, आणि थांबली म्हणूनच पडली. कारण टेंकावयास खालीं पाय पोंचत नव्हता. ती डाव्या अंगास कलली, बहिणीनें घाबरून पाय आंत ओढला, आणि फिरत्या चाकाच्या तारांत तिची टांच सांपडली.

घोट्याचें हाड मोडलें होतें. दीड महिना तिचा पाय प्लास्टरमध्यें होता. वडील आम्हांस एक शब्दहि बोलले नाहींत. एके दिवशीं संध्याकाळीं मात्र ते अंगणांत त्या सायकलपाशीं बराच वेळ उभे होते व दांडीची उंची हाताच्या वितीनें मोजीत होते, तें आम्हीं पाहिलें. पुढें आमची उंची पांच फूट पांच इंचांवर थांबली. ज्या अंगासाठीं ती सायकल घेतली होती तें अंग आलेंच नाहीं. ती आम्हांस कधींच नीट बसली नाहीं.

तेव्हां मापाविषयीं प्रथम. मुलास बरोबर न्यावें, आणि तो शाळेंत ज्या पादत्राणांनीं जातो तींच घालून न्यावें. आडवी दांडी दोन पायांच्या मधें घेऊन, दोन्ही पावलें जमिनीवर सपाट टेंकून त्यास उभें करावें. दांडी व अंग यांमध्यें निदान एक-दोन इंच मोकळें राहिलें पाहिजे. उडी मारून उतरावें लागत असेल तर ती सायकल त्याची नव्हे. नंतर सीटवर बसवून, कोणी तरी हँडल धरावें, व त्यास खालच्या पायडलवर टांच ठेवावयास सांगावें. त्या वेळीं पाय सरळ होईल इतकी सीट उंच असावी. म्हणजे चालवितांना पावलाचा पुढचा भाग पायडलवर येतो तेव्हां गुडघा किंचित् वांकलेला राहतो. अगदीं नवशिक्यासाठीं सीट याहून थोडी खालीं चालेल, पाय टेंकण्याचा धीर येईपर्यंत. सीटच्या नळीवर एक रेघ खोदलेली असते. ती रेघ बाहेर दिसूं लागली कीं सीट त्याहून वर घेऊं नये. नळी आंत पुरेशी राहत नाहीं व ऐन वेळीं मोडते. हँडल धरल्यावर कोपरें थोडीं सैल असावींत. आणि बसल्या बसल्या, मूठ न सोडतां, दोन बोटें ब्रेकच्या दांडीवर सहज पोंचलीं पाहिजेत. हें शेवटचें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि दुकानांत तें कोणीहि पाहत नाहीं.

आंकड्यांचा एक घोटाळा येथेंच सांगून टाकतों. जुन्या मोठ्या सायकलचा आंकडा सांगाड्याचा होता; मुलांच्या सायकलींना हल्लीं जें १६, २०, २४, २६ असें माप सांगतात तें चाकाच्या व्यासाचें असतें. मागें एका पालकांनीं "आमच्या वेळीं चोवीस म्हणजे मोठ्या माणसाची" असें म्हणून सहावींतल्या मुलीसाठीं चोवीसची सायकल नाकारली व सव्वीसची घेतली. चोवीसची तिला बरोबर बसली असती. शिवाय चाकाचा आंकडा एक असूनहि दोन सायकलींचे सांगाडे लहानमोठे असूं शकतात. म्हणून आंकड्यापेक्षां मुलाच्या पायांवर विश्वास ठेवावा.

सुट्या भागांत आमचा पहिला मान ब्रेकांस. पावसाळ्यांत ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर बरें धरतें, चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर फार कमी. तबकडीचे ब्रेक पावसांत चांगले, परंतु अगदीं स्वस्त सायकलवर ते केवळ शोभेसाठीं लावलेले असतात, नीट जुळविलेले नसतात. दुकानांतच पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलून पाहावी. मग चाक उचलून फिरवावें व रिम आणि ब्रेकचें रबर यांमधल्या फटीकडे पाहावें. फट कमीजास्त होत असेल तर चाकास आऊट आहे, ती तेथेंच काढवून घ्यावी. पुढचें चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावें. फिरतां कामा नये. पायडलचा दांडा धरून आडवा हालवावा. खटखट झाली तर छर्रे नीट बसलेले नाहींत. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालूं द्याव्या.

गिअरांविषयीं मुलें आमच्याशीं सहमत होणार नाहींत. पुढच्या चक्रीस ४४ दांते व मागच्या फ्रीव्हीलला १८ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यास चाक अडीच वेळांहून किंचित् कमी फिरतें. २८ इंची चाकाचा परीघ सुमारें ८८ इंच. म्हणजे एका फेऱ्यास सायकल जवळजवळ १८ फूट जाते. मिरज-सांगलीसारख्या सपाट मुलुखांत एवढें पुरतें. पांचगणी, महाबळेश्वराकडे राहणाऱ्यांस गिअर हवेत, हें आम्ही मान्य करतों. पण सपाट रस्त्याच्या शाळकरी मुलास अठरा गिअर देणें म्हणजे अठरा तक्रारी देणें होय. चेन घसरते, तार ताणते, आणि शेवटीं तो एकाच गिअरवर वर्ष काढतो. स्वस्त सायकलच्या शॉकॲब्सॉर्बरांचेंहि तेंच. वजन वाढतें, आणि चढावर पायांतला अर्धा जोर त्या स्प्रिंगा दाबण्यांत जातो. आमच्या त्या जुन्या सायकलचें वजन सुमारें २० किलो होतें, आणि तिच्यांत स्प्रिंग फक्त सीटखालीं होती.

मडगार्ड, कॅरियर, स्टँड व घंटी या चार गोष्टी आज कित्येक सायकलींबरोबर येतच नाहींत. त्या मागून घ्याव्यात. आमच्या भागांतील काळी माती ज्यानें पावसांत पाहिली आहे त्यास मडगार्ड व टायर यांमध्यें बोटभर जागा कां हवी हें सांगावयास नको. जागा नसली तर माती चाकास जागच्या जागीं खिळून टाकते. टायर फार बारीक नसावे. हवा भरलेला टायर बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या एका पशुवैद्यानें इ. स. १८८८ च्या सुमारास आपल्या लहान मुलाच्या तीन चाकी गाडीसाठीं तयार केला. मुलास हादरे बसूं नयेत, एवढाच त्याचा हेतु होता. बाभळीच्या कांट्याची त्यास कल्पना नसावी. आमच्याकडे पंक्चरचें सामान व हातपंप ही चैन नव्हे. आणि महिन्याभरानें सायकल पुन्हां दुकानीं न्यावी. नव्या तारा ताणतात व नट सैल होतात.

"सर, दोन वर्षांत लहान होईल, मग पैसे वायां नाहीं का जाणार?" हा प्रश्न खरा आहे, आणि ज्यांच्या घरीं पैसे मोजून खर्च होतात त्यांस आम्ही तो हंसण्यावारी नेत नाहीं. आमच्या वडिलांचाहि तोच प्रश्न होता. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, नीट बसणारी जुनी सायकल घ्यावी, छर्रे व रिम तपासून घ्यावी, आणि मूल वाढलें कीं विकून टाकावी. नवी मोठी घेण्यापेक्षां जुनी बरोबर मापाची घेणें स्वस्त पडतें.

गेल्या जूनमध्यें बहिणीचा फोन आला. तिची मुलगी सातवींत गेली होती. "दादा, सायकल घ्यायचीय, तूंच ये," एवढेंच ती म्हणाली. दुकानांत भाचीनें प्रथम सव्वीसची एक जांभळी सायकल धरली. आम्हीं तिला दांडीवरून उभें केलें. ती चवड्यांवर उभी राहिली. चोवीसच्या साध्या सायकलवर पावलें टेंकलीं, बोटें ब्रेकवर पोंचलीं.

"मामा, वर्गांतल्या सगळ्यांची मोठी आहे."

"असेल," आम्ही म्हणालों. तिचें तोंड उतरलें. बहीण इतका वेळ गप्प होती. थंडीच्या दिवसांत ती अजून डाव्या पायावर भार कमी देते. त्या दिवशीं थंडी नव्हती, तरी ती एका पायावरच उभी होती. ती वांकली व मागच्या चाकावर हात ठेवून दुकानांतल्या पोरास म्हणाली, "याला जाळी बसते का?"

"ताई, आतां कोण बसवतंय? चांगली दिसत नाहीं."

"बसव."

पोर माळ्यावर चढलें, बराच वेळ खुडबुडलें, आणि धुळीनें भरलेली साडीची एक जाळी घेऊन खालीं आलें. त्यानें ती फडक्यानें पुसली. आम्ही चाक धरून उभे राहिलों. चारी स्क्रू आवळून होईपर्यंत बहीण तेथून हालली नाहीं.