अश्रूंच्या दाराजवळचा समुद्र

मुलांनो, भूगोलाची नकाशावही उघडा पाहू! आफ्रिका खंडाच्या उजव्या अंगाला गेंड्याच्या शिंगासारखं एक टोक समुद्रात घुसलेलं दिसेल. तो सोमालिया. त्याच्या वरच्या बाजूला येमेन, आणि दोघांच्या मध्ये जी निळी पट्टी दिसते ते एडनचं आखात. या पट्टीच्या डाव्या टोकाला समुद्र एकदम चिंचोळा होतो. ती बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी. अरबी भाषेत या नावाचा अर्थ 'अश्रूंचं दार'! रुंदी जेमतेम तीसेक किलोमीटर. पलीकडे तांबडा समुद्र, पुढे सुएझचा कालवा आणि मग युरोप. १८६९ साली कालवा खुला झाला आणि मुंबईहून युरोपला जाताना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. तेव्हापासून इथे जहाजांची वर्दळ वाढली.

जिथे गर्दीचा बाजार, तिथे खिसेकापू आलेच. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं. किनाऱ्यावर ना पोलीस, ना पहारा. परदेशी बोटी येऊन तिथले मासे ओरबाडून नेऊ लागल्या. काही मच्छीमारांनी हत्यारं उचलली. पुढे यात पैसा आहे म्हटल्यावर टोळ्या शिरल्या. जहाज पकडायचं, खलाशांना ओलीस धरायचं आणि मालकाकडून खंडणी उकळायची, असा धंदाच सुरू झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये तर चाच्यांनी 'सिरियस स्टार' हे ३३० मीटर लांबीचं सौदी तेलवाहू जहाज पळवलं!

तुम्ही म्हणाल, "एवढं थोरलं जहाज आणि एका होडीला घाबरतं?" इथेच तर मेख आहे. जहाज अवाढव्य, पण त्यावर माणसं वीस-पंचवीसच. खलाशांजवळ बंदुका नसतात, कारण परक्या बंदरांत हत्यारं नेण्यावर कडक बंधनं असतात. मालानं भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, म्हणून कठडा पाण्याच्या जवळ येतो. त्याचा वेग ताशी पंचवीस किलोमीटर, तर चाच्यांच्या होडीचा चाळीस. आकडे लावलेली शिडी कठड्याला अडकवली की झालं. होडी दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत चाचे डेकवर!

आता एक गणित सोडवा. युद्धनौका २०० किलोमीटर दूर आहे आणि तिचा वेग ताशी ५० किलोमीटर. पोचायला किती वेळ? चार तास! हेलिकॉप्टर लवकर जाईल, पण एकदा खलाशी ओलीस सापडले की गोळी झाडायची कशी?

२००८ पासून भारतासह अनेक देशांची नौदलं इथे गस्त घालू लागली. जहाजं कठड्याला काटेरी तारा बांधतात, पाण्याचे जोरदार फवारे सोडतात, लपायला भक्कम खोली तयार ठेवतात. काहींवर बंदूकधारी रक्षकही असतात. पण त्यातही धोका आहेच. गरीब कोळ्याची होडी आणि चाच्याची होडी लांबून सारखीच दिसते. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन भारतीय मच्छीमारांचे प्राण गेले.

त्यानंतरच्या काळात हल्ले खूप कमी झाले. पण २०२३ च्या अखेरीस येमेनमधून जहाजांवर क्षेपणास्त्रं सुटू लागली, नौदलांचं लक्ष तिकडे वळलं आणि चाच्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. त्याच डिसेंबरात त्यांनी 'रुएन' हे जहाज पळवलं. तीन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता'नं त्याला गाठलं. हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो पॅराशूटनं समुद्रात उतरले. चाळीस तासांच्या मोहिमेनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले.

आता पुढचा पेच बघा. जहाज बल्गेरियातल्या कंपनीचं, झेंडा माल्टाचा, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, चाचे सोमालियाचे आणि पकडणारे भारतीय! मग खटला चालवायचा कुणी? पूर्वी आपल्याकडे चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. २०२२ मध्ये संसदेनं तो केला, म्हणून या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देता आलं.

आपल्या कोकणातलीही कितीतरी माणसं अशा जहाजांवर नोकरी करतात. त्यांची घरची मंडळी फोनची वाट बघत असतात. नौदल त्यांच्यासाठी समुद्रावर जागतं, पण तेवढ्यानं भागणार नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या पोरांना शाळा, काम आणि जाळ्यात पुरेसे मासे मिळाले, तरच त्यांच्या होड्या पुन्हा मासेमारीला निघतील. तुम्हांला काय वाटतं? घरी आई-बाबांशी बोलून पाहा.