मताची हजेरी

आम्ही दिवसा वाळूजच्या एका लहान कारखान्यात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी वस्तीत समाजाचे काम करतो. ही दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत, असे आम्हांस बरीच वर्षे वाटत होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीने आमचा तो गैरसमज दूर केला.

त्या वर्षी परभणी, हिंगोली, बीडकडे मतदान १८ एप्रिलला होते आणि आमच्या औरंगाबाद मतदारसंघात २३ एप्रिलला. कारखान्याने सुट्टी दिली ती २३ तारखेची. परभणीकडचा, ठेकेदाराकडून आलेला एक कामगार १८ तारखेला कामावर आला नाही. आम्ही मस्टरवर गैरहजेरी मांडली. पगाराच्या दिवशी तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मत टाकाया गावाकडं गेलतो. तुम्हीच सभेत सांगितलं हुतं, मत वाया घालू नका म्हनून."

आमची मान खाली गेली. सभेत सांगणारे आम्ही आणि त्याचा रोज कापणारेही आम्हीच!

कायदा आम्ही त्यानंतर वाचला. बी.कॉम. होताना पुष्कळ कलमे पाठ केली होती, त्यांत हे नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये १९९६ साली कलम १३५-ब आले. मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदार कामगाराला सुट्टी द्यायची आणि तिचा पगार कापायचा नाही. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज द्यायचा. मत दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर तिथल्या मतदानाच्या दिवशी सुट्टी. ज्याच्या नसण्याने धोका किंवा मोठे नुकसान होईल, एवढ्याच कामगाराचा अपवाद. मालकाने कायदा मोडला तर दंड मात्र फक्त ५०० रुपयांपर्यंत!

मार्च २०२४ मध्ये पुन्हा निवडणूक जाहीर झाली. उमेदवारांना द्यायचे एक निवेदन शेठनी आमच्याकडून लिहून घेतले. विजेचे दर कमी करा, वसाहतीतले रस्ते नीट करा, कुशल कामगार मिळत नाहीत व टिकत नाहीत, त्यासाठी काही करा. लहान कारखानदाराची बिले मोठ्या कंपन्यांनी कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत द्यावीत, हीही मागणी होती. या मागण्या खोट्या नव्हत्या. बिल अडकले की आमचाही पगार लांबतो, हे आम्ही रोज पाहतो.

निवेदन लिहून झाल्यावर आम्ही धीर करून म्हणालो, "शेठ, कायद्यातले ४५ दिवस आपण मागतो. कामगाराचा कायद्यातला एक दिवस आपण द्यायला नको का?"

शेठ रागावले नाहीत. म्हणाले, "दिला असता हो. पण माल वेळेवर गेला नाही आणि कंपनीची लाइन थांबली, तर मला कोण विचारणार?"

भीती खरी होती, म्हणून आम्ही तिच्यावर उपाय शोधला. कोणाचे मत कुठे आणि तिथे मतदान कधी, याची यादी महिनाभर आधीच केली. परभणी-हिंगोलीचे मतदान २६ एप्रिलला, आमचे १३ मेला. २६ तारखेला सातच माणसे कमी पडणार होती. त्यांचे काम आदल्या आठवड्यात जादा पाळीत उरकायचे ठरले. शेठनी यादीवर सही केली. ठेकेदार कुरकुरला, पण सही पाहून गप्प बसला.

सातांपैकी पाच जण गेले. त्यांत पॅकिंगमधल्या एक ताई होत्या. एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्याने त्यांना जाणे जमले. दोघे मात्र गेले नाहीत. रोज मिळणार होता, पण जाण्यायेण्याचे भाडे कोठून आणायचे? तो प्रश्न आमच्या यादीने सुटला नाही. माल मात्र ठरल्या दिवशी गेला.

बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळले. मत आणि मजुरी यांची गाठ त्यांना पक्की ठाऊक होती. आम्हांस ती मस्टरवर चूक केल्यावर कळली.

बंधुभगिनींनो, पुढची निवडणूक लागताच एवढे करा. मतदार यादीत आपले नाव कुठे आहे ते पाहा. तिथल्या मतदानाची तारीख मालकाला व ठेकेदाराला आधीच लेखी कळवा आणि त्या कागदाची एक प्रत जवळ ठेवा. आपल्यातला कोणी मस्टर लिहीत असेल, तर त्याने यादी करायला कोणाच्या हुकमाची वाट पाहू नये.

२०१९ चा तो कामगार आमच्या यादीत नव्हता. त्याने केव्हाच काम सोडले होते. त्याचा एक रोज आमच्याकडे अजून बाकी आहे.