जमेची बाजू

घरांतील वडील माणसाला एक वाईट खोड असते. जी गोष्ट आपल्याला समजत नाहीं ती निरर्थक आहे, असें तो धरून चालतो. आणि घरांतील मंडळी त्याच्या वयाचा मान राखून गप्प बसली कीं, तो आपल्या मताचा विजय समजतो. ही खोड माझ्या अंगीं पुरेपूर आहे, हें आरंभींच कबूल करून पुढची हकीकत सांगतों.

आमचें घर नाशिकास पंचवटींत आहे. आम्ही दोघे भाऊ, माझे मुलगे, सुना व नातवंडें मिळून अकरा माणसें एका स्वयंपाकावर जेवतों. माझा उभा जन्म एका बँकेंत खतावण्या तपासण्यांत गेला. त्यामुळें कोणतीहि गोष्ट कानावर आली कीं, तिची जमेची बाजू कोणती व खर्चाची कोणती, हें आधीं मनांत मांडावयाचें, अशी मला सवय जडलेली आहे.

२०२५ च्या सप्टेंबरांत ‘डीमन स्लेयर’ ह्या मालिकेंतील ‘इन्फिनिटी कॅसल’ नांवाचा जपानी चित्रपट भारतांतील चित्रपटगृहांत लागला. माझी नात त्या वेळीं बारावींत होती. ती मैत्रिणींबरोबर तो पाहून आली आणि रात्रीं पानावर बसल्यावर म्हणाली, “मला इंजिनियर व्हायचं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन शिकायचं आहे. प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरू का?”

सून वाढतां वाढतां थांबली. मुलानें माझ्याकडे पाहिलें. आमच्या घरांत अशा वेळीं शेवटचा शब्द माझा असतो. मी म्हणालों, “कार्टुनं काढून आजवर कुणाचं पोट भरलं आहे?” नात कांहीं बोलली नाहीं. तिनें भात तसाच टाकला व ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या वर्तमानपत्रावर एक कागद ठेवलेला दिसला. त्यावर तिच्या अक्षरांत आंकडे होते. हायाओ मियाझाकी ह्या जपानी दिग्दर्शकाचा ‘स्पिरिटेड अवे’ हा चित्रपट २० जुलै २००१ रोजीं जपानांत प्रदर्शित झाला. एकट्या जपानांत त्याचें उत्पन्न ३,००० कोटि येनांवर गेलें. दोन कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. तत्पूर्वीं ‘टायटॅनिक’नें तेथें केलेला विक्रम त्यानें मोडला, आणि स्वतःचा विक्रम पुढें जवळजवळ १९ वर्षें टिकविला. २०२० सालीं तो मोडला, तोहि ‘डीमन स्लेयर’च्याच ‘मुगेन ट्रेन’ ह्या चित्रपटानें. बर्लिनच्या महोत्सवांतील सुवर्ण अस्वल २००२ सालीं आणि अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक २००३ सालीं ‘स्पिरिटेड अवे’ला मिळालें. खालीं एकच ओळ होती : “आजोबा, पोट भरलं का?”

कागद मीं दोनदां वाचला. आंकड्यांपुढें मी नेहमींच नरम पडतों. परंतु नातीपुढें इतक्या लवकर हार कशी खावी? म्हणून मीं तिला बोलावलें आणि आमच्या नाशिकाचाच दाखला दिला.

त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून १९१२ सालीं त्यांनीं वाटाणा रुजून त्याचें रोप कसें होतें, हें एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविलें. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन थिएटरांत लागला, आणि त्याच सालीं दादासाहेबांनीं आपला संसार व यंत्रसामग्री नाशिकास आणली. १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ म्हणून एक लहानसा पट त्यांनीं केला. निर्जीव काड्या थोड्याथोड्या सरकवून त्या पडद्यावर जिवंत करण्याचा तो खेळ होता. जपानी लोकांनीं जी विद्या कळसास नेली, तिचें बीज आमच्या गांवच्या माणसानेंहि पेरून पाहिलें होतें! १९१७ च्या ‘लंकादहना’ला तर इतकी गर्दी झाली कीं, मद्रासेस खेळाचें उत्पन्न थैल्यांत भरून बैलगाडीनें न्यावें लागलें, असें सांगतात. आणि शेवट काय झाला? १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ह्याच नाशिकांत दादासाहेब वारले, ते ओढगस्तींत. “गाडीभर पैसा आला आणि गाडीबरोबरच गेला,” मी म्हणालों. “तुझ्या कागदावर जमा आहे, शिल्लक कुठं आहे?”

माझा धाकटा भाऊ, ज्याला घरांत सगळे बापू म्हणतात, तो खिडकीशीं सुपारी कातरीत बसला होता. तो सहसा बोलत नाहीं. तो इतकेंच म्हणाला, “दादा, तुम्ही दोघं ज्याचा हिशेब मांडता आहात तो चित्रपट आधी पाहू तर या!”

रविवारीं दुपारीं जेवणें आटोपल्यावर घरच्या दूरचित्रवाणीवर तो लागला. मी आरामखुर्चींत बसलों, तो झोप लागेल अशाच बेतानें. पण झोप लागली नाहीं.

गोष्ट दहा वर्षांच्या एका मुलीची आहे. एका मित्राच्या त्याच वयाच्या मुलीला डोळ्यांपुढें ठेवून मियाझाकींनीं ती रचिली. नव्या गांवीं राहावयास जात असतां चिहिरो व तिचे आईबाप वाट चुकून एका ओसाड गांवांत शिरतात. तेथें देवांसाठीं मांडलेलें अन्न आईबाप न विचारतां बकाबका खातात आणि त्यांचीं डुकरें होतात. नैवेद्य उष्टावण्याचें भय आपल्याकडील कोणत्याहि मुलाला समजावून सांगावें लागत नाहीं, माझा पांच वर्षांचा नातू एकदम म्हणाला, “त्यांनी देवाला आधी दाखवलंच नाही!” पुढें ती मुलगी देवांच्या स्नानगृहांत मोलकरीण म्हणून राहते. तेथील मालकीण चेटकीण असून ती चाकरीस घेतांना नोकराचें नांवच काढून घेते. चिहिरोच्या नांवांतील एक अक्षर ठेवून ती तिला ‘सेन’ करते. जो आपलें नांव विसरला, त्याला परत घरीं जाण्याची वाट सांपडत नाहीं.

त्या स्नानगृहांत एक चेहरा नसलेला पाहुणा येतो. तो ओंजळी भरभरून सोनें वांटतो, आणि सारे नोकर त्याच्या पायांशीं लोळूं लागतात. तो चिहिरोपुढेंहि सोनें धरतो. ती नको म्हणते, कारण तिला आईबाप सोडवावयाचे असतात आणि त्या कामीं सोन्याचा उपयोग नसतो. मागाहून त्या सोन्याची माती होते. येथें मी खुर्चींत सरळ होऊन बसलों. ज्या चित्रपटाच्या ३,००० कोटि येनांचा कागद माझ्या खिशांत होता, त्यांतील नायिका सोनें नाकारते! पैशाचा हिशेब पुढें ठेवून ज्यानें कथा रचिली असती, त्याला हा प्रसंग सुचला असता कां?

आणखी एक पाहुणा येतो. चिखलानें बरबटलेला, दुर्गंधीचा नुसता डोंगर. त्याला न्हाऊं घालण्याचें काम मुलीच्या वांट्याला येतें. त्याच्या अंगांत कांहीं रुतलें आहे असें तिला दिसतें. सगळे मिळून दोरीनें ओढतात, तों एक सायकल बाहेर येते आणि तिच्या मागून मणभर केरकचरा. मग कळतें कीं, हा घाणीचा देव नव्हे. ही एक नदी आहे. मियाझाकींनीं स्वतः एका नदीच्या सफाईंत हात घातला होता व तेथें सायकल ओढून काढली होती, त्या आठवणींतून हा प्रसंग आला आहे. आमच्या घरांतील अकराहि माणसें त्या वेळीं स्तब्ध होतीं. गोदावरी आमच्या दारापासून दहा मिनिटांवर आहे. सिंहस्थाचें पुण्यहि आम्हांला ठाऊक आहे आणि उन्हाळ्यांतील तिच्या पाण्याचा वासहि.

चिहिरोला साह्य करणारा मुलगाहि आपलें नांव विसरलेला असतो. अखेरीस तिला आठवतें कीं, लहानपणीं आपण एका नदींत पडलों होतों आणि त्या नदीनेंच आपल्याला कांठाशीं आणून सोडलें होतें. ती नदी बुजवून तेथें घरें बांधलीं. तो मुलगा म्हणजे ती नदी! ती तिचें नांव उच्चारते, आणि तो मुक्त होतो.

खोलींत कोणी बोलत नव्हतें. तेवढ्यांत बापू हलक्या आवाजांत म्हणाला, “अरुणा.”

नातवंडांना बोध झाला नाहीं, मला झाला. रामकुंडाशीं अरुणा, वरुणा आणि गोदावरी ह्यांचा संगम मानितात. वरुणा म्हणजे आपली वाघाडी, ती लोकांना निदान दिसते. अरुणा रस्त्यांखालीं व वस्तीखालीं गेली. तिच्यावरून रोज जाणाऱ्या माणसालाहि आज तिचें नांव सांगतां येणार नाहीं.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. बापूच्या तोंडचा तो एक शब्द माझ्या कानांतून जाईना. बापू अठरा वर्षांचा असतांना फार सुरेख चित्रें काढी. चित्रपटगृहांचे फलक रंगविणारा एक रंगारी त्याला हाताखालीं घ्यावयास तयार होता. बापूच्या मनांत मुंबईस जाऊन चित्रकला शिकावयाची होती. वडील नुकतेच वारले होते. घराचा हिशेब माझ्याकडे होता. मीं त्याला एका कचेरींत कारकून म्हणून चिकटविलें. त्यानें ती नोकरी शेवटपर्यंत चोख केली आणि मला कधीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. मात्र त्या दिवसानंतर घरांत कुंचला कोणीं पाहिला नाहीं. त्या वेळीं घराला पगाराची गरज होती, हें खरें. तो निर्णय चुकला असें आजहि मला छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पण त्या व्यवहारांत खर्चीं काय पडलें, तें मीं कोठेंच लिहिलें नाहीं, आणि म्हणून माझी खतावणी जुळलेली दिसत राहिली.

सकाळीं मीं सहज एक गुणाकार केला. चित्रपट सुमारें १२५ मिनिटांचा. मिनिटाचे ६० सेकंद, सेकंदाच्या २४ चौकटी; म्हणजे १ लक्ष ८० हजार चौकटी. प्रत्येक चौकटीला नवें चित्र लागत नसलें, तरी हातांनीं काढलेल्या चित्रांचा हा डोंगर आहे. तो रचिला गेला तेव्हां पुढें किती येन येणार, हें कोणास ठाऊक होतें? त्या माणसांनीं आपल्या देशाचे देव, आपलीं स्नानगृहें, आपल्या बुजलेल्या नद्या इतक्या निष्ठेनें काढल्या कीं, पंचवटींतल्या म्हाताऱ्यालाहि त्यांत स्वतःची नदी दिसली. पैसा त्या निष्ठेच्या मागून आला. फाळक्यांची बैलगाडीहि अशीच मागून आली होती. ती राहिली नाहीं, हें दुःख खरें. पण मी नातीला म्हणालों होतों कीं शिल्लक कोठें आहे, तें मात्र चुकलें. आज देशभर जो जो चित्रपट लागतो, ती त्यांचीच शिल्लक नव्हे काय?

मीं नातीला हांक मारली आणि अर्ज भरावयास सांगितलें. अट एकच घातली कीं, ३,००० कोटींचें नांव पुन्हा काढावयाचें नाहीं. त्यानें मी वळलों नाहीं आणि तूंहि वळूं नयेस. परीक्षा कठीण आहे. प्रवेश मिळेल न मिळेल. इंजिनियरिंगचा अभ्यासहि चालू ठेवावा, असें तिच्या बापाचें म्हणणें पडलें, आणि तें मला रास्त वाटलें.

पुढच्या रविवारीं पहाटे बापू तिला घेऊन रामकुंडावर गेला. अरुणा कोठें येऊन मिळते, ती जागा त्याला दाखवावयाची होती. बराच वेळ झाला तरी दोघें परतलीं नाहींत, म्हणून मी पाहावयास गेलों. नात पायरीवर बसून वही रंगवीत होती. बापू तिच्या मागें उभा होता. थोड्या वेळानें तो खालीं वांकला, तिच्या हातांतली पेन्सिल त्यानें मागून घेतली, आणि पाण्याची एक रेघ दुरुस्त करून दिली.

मी त्यांना हांक न मारतां घरीं परतलों.