न्यूट्रल तुटला त्या संध्याकाळी

आमच्या उचगावात वळीव येतो तो वारं आणि धुळीचे लोट घेऊनच. मे महिन्यातल्या तशाच एका संध्याकाळी लाईट गेली, इन्व्हर्टर चालू झाला आणि मी निर्धास्त झाले. माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, ऑक्सिजनचं मशीन लागतं. इन्व्हर्टर घेतला तो त्यासाठीच.

अर्ध्या तासानं लाईट आली. स्वयंपाकघरातला बल्ब डोळ्यांना सोसेना इतका पांढरा पेटला. समोरच्या घरात मात्र मिणमिणता उजेड. हे काय चाललंय ते कळायच्या आत इन्व्हर्टरमधून जळका वास सुटला. आण्णांना तेवढ्यात हाताला धरून बाथरूमला नेलं होतं, मशीनचं बटण बंद होतं, म्हणून ते वाचलं. रात्र सिलिंडरवर काढली. माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी वायरमन आले. मी विचारलं, "दादा, वीज पडली का? पण स्पाइक गार्ड लावलाय की!"

त्यांनी तो उघडला. आतली चकती काळीठिक्कर पडली होती. "वैनी, ही क्षणभराचा झटका पिते. इथं व्होल्टेज बराच वेळ वाढलेलं राहिलं. वाऱ्यानं डीपीकडचा न्यूट्रल तुटला. ज्या फेजवर लोड कमी, तिथं 230 चे तीनशेच्या वर जातात. लोड जास्त तिथं उतरतात."

बल्ब आणि समोरचा मिणमिणता उजेड तेव्हा कुठं उलगडला. अजून एक कळलं, त्यानं पोटात गोळाच आला. लाईट असते तेव्हा आमच्यासारखा घरगुती इन्व्हर्टर बाहेरचीच वीज पुढं सोडतो. मशीन त्याच्या आडोशाला आहे, हा माझा समजच होता.

मग त्यांनी प्लगचा बोर्ड खोलला. वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नव्हती. अर्थिंग नाही, म्हणजे विजेच्या झटक्याला जमिनीत जायला वाट नाही. परड्यात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. उन्हाळ्यात त्यात रोज तांब्याभर पाणी ओतते. मीटरपुढं व्होल्टेज वाढलं की लाईन तोडणारं यंत्र बसवलं. ते 270 ला तोडतं आणि लाईट नीट झाल्यावरही तीन मिनिटं थांबून जोडतं.

तुमच्या घरी कुणाचा श्वास मशीनवर असेल, तर वळीव सुरू व्हायच्या आत वायरमनला बोलवा आणि प्लगमागची ती वायर स्वतः डोळ्यांनी बघा.