हरवलेले सुटे भाग

ही-मॅन आजही मिळतो. जीआय जो मिळतो. कंपन्या जुन्या रूपातले नवे बाहुले काढतात आणि चाळिशी ओलांडलेली माणसं ते हौसेनं घेतात. गेलं आहे ते त्यांच्याबरोबरचं सटरफटर. त्याची ही यादी.

ओ-रिंग. काळी, बोटातल्या अंगठीहून लहान. पावणेचार इंची जीआय जोच्या पाठीत एक स्क्रू असायचा. तो काढला की छाती-पाठ सुटी व्हायची, डोकं आणि हात मोकळे व्हायचे आणि आत ही रिंग दिसायची. वर छातीतल्या खुंटीला अडकवलेली, खाली कमरेतून ओवून पायांच्या धातूच्या आकड्यात घातलेली. गुडघ्यावर बसणं, कमरेत वळणं, नेम धरणं, सगळं तिच्या ताणावर चालायचं. वर्षं गेली की रबर सुकतं, तडकतं आणि एक दिवस धड हातात राहून पाय खाली पडतात. मुलं मग केसांचं रबरबँड घालून पाहत. जो उभा राहायचा, पण कमरेत लुळा.

अंगठा. बंदूक जोरात खुपसली की तुटायचा. पुढे बंदूक दोऱ्यानं बांधायची.

बंदुका, हेल्मेट, पाठीवरच्या पिशव्या. बहुतेक केरात गेल्या.

फाइल कार्ड. पाकिटाच्या पाठीवर तुटक रेघेत छापलेलं, कात्रीनं कापून ठेवायचं. टोपणनाव, हुद्दा, जन्मगाव, कशात तरबेज आणि खाली स्वभावाच्या चार ओळी. अमेरिकेत 1982 साली ही मालिका नव्यानं आली, तेव्हा ही कार्डं मार्व्हलच्या लॅरी हामानं लिहिली. तो स्वतः लष्करात राहिलेला माणूस. प्लॅस्टिकच्या शिपायाला गाव असतं, चिडकेपणा असतो, जुनी दुःखं असतात, हे त्यानं मुलांना सांगितलं. या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत मोलाची वस्तू मी या कार्डाला म्हणेन. पण पाकीट फाडून आतला शिपाई काढायची घाईच इतकी असायची की कार्ड पुठ्ठ्यासकट रद्दीत जायचं.

गोव्याचे रंग. एमआरएफ आणि अमेरिकेतली हॅस्ब्रो यांनी 1987 साली फनस्कूल काढली; तिचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे वापरून झालेले साचे इकडे आले आणि त्यांतून आपले जीआय जो निघाले. साचा तोच, पण प्लॅस्टिकची छटा वेगळी, गणवेशाचा रंग वेगळा. काही रंगसंगती तर अमेरिकेतल्या मुलांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. तिकडे ही मालिका 1994 मध्ये थांबली, इकडे पुढेही निघत राहिली, आणि तिकडचे संग्राहक आपल्याकडचे जो मागवू लागले. आपली मुलं मात्र त्यांना वाळूत पुरत होती, टाकीत बुडवत होती. खेळण्याचा तोच खरा उपयोग, यात मला शंका नाही.

ठोसा. ही-मॅनच्या कमरेत स्प्रिंग. अंग पिळून सोडलं की हात सप्पकन फिरायचा. आपल्याकडे तो लिओ-मॅटेलच्या नावानं मिळायचा आणि दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची. स्प्रिंग ढिली झाली की ठोसा गेला.

मॉस मॅनचा वास. मॅटेलनं ही-मॅनच्याच खेळण्यांत अंगभर हिरवी लव असलेला एक गडी काढला आणि त्याला पाइनच्या झाडाचा वास दिला. लव झडते, वास उडतो. फोटोत यातलं काही येत नाही.

रिकामा खोका. हा अमेरिकेतला, 1977 च्या नाताळचा. ‘स्टार वॉर्स’ त्या वर्षी मे महिन्यात लागला आणि केनर कंपनीची खेळणी सणापर्यंत तयारच होईनात. म्हणून तिनं पुठ्ठ्याचं चित्र आणि एक प्रमाणपत्र विकलं: हे पाठवा, पुढच्या वर्षी चार बाहुले टपालानं घरी येतील. पोरांनी थांबायचं कबूल केलं. वस्तू हातात नसताना तिची वाट पाहणं, हेही या यादीत हवं.

दिवाळीचा किल्ला. तो अजून होतो, पण त्यातला जो गेला. वर बुरुजावर मातीचे मावळे, सिंहासनावर महाराज, हळिवाची हिरवळ. जो मावळ्यांपेक्षा थोराड दिसायचा, म्हणून त्याला गडावर जागा नसे. पायथ्याशी पहाऱ्याला, फार तर गुहेच्या तोंडाशी. महागडं खेळणं ते, एका घरात एखाददुसराच असायचा. एकाचा शिपाई, दुसऱ्याची जीप, तिसऱ्याचा कोब्रा कमांडर असं मिळून वाड्यातलं सैन्य उभं राहायचं. दिवाळी संपली की कुणाचं काय यावरून भांडणं व्हायची. तळपायावर ब्लेडनं कोरलेलं अक्षर दाखवून ती मिटायची. असं अक्षर असलं की आजच्या बाजारात भाव उतरतो. माझ्या लेखी तो चढायला हवा.

घर रिकामं करताना माळ्यावर असा डबा सापडला, तर तो तसाच भंगारात देऊ नका. डबा वर्तमानपत्रावर उलटा करा, तळाची धूळ बोटांनी चाळा. बंदुका तिथेच असतात. आणि पाय निखळलेले जो टाकू नका. पाठीचा स्क्रू गंजला नसेल तर तो अजून सुटतो आणि त्या मापाची ओ-रिंग नवी मिळते.