त्या फोटोबद्दल

गॅदरिंगच्या प्रदर्शनात दाराजवळच लावलेला, उडत्या पक्ष्यांच्या थव्याचा फोटो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याखाली ‘मुक्त विहार’ अशी चिठ्ठी होती. चिठ्ठी कोणी लिहिली ठाऊक नाही. फोटो मात्र माझा. सरांनी पाठ थोपटली, कधी न बोलणाऱ्यांनी हाक मारली, आणि तेव्हापासून मनाला एक टोचणी लागून राहिली आहे. म्हणून ही हकीकत.

जानेवारीतली अमावस्या होती. मामेभावाच्या हातापाया पडून मिळवलेला कॅमेरा गळ्यात, डब्यात थालीपिठे आणि सोबतीला एक वर्गमित्र. पहाटेच्या एसटीने अलिबाग, पुढे रिक्षाने आक्षी. मराठीच्या तासाला ऐकलेला शके ९३४ चा शिलालेख याच गावचा. “तेवढा पाहून या,” असे मॅडमनी बजावले होते. आम्ही पाहिला नाही, हे इथेच कबूल करतो.

सुरूच्या बनातून बाहेर आलो, तर समुद्र कुठच्या कुठे! ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर पक्षी पुष्कळ, पण नुसते ठिपके. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. तुतवाराचे तसे नाही; त्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चाललेली. आम्ही दहा पावले पुढे गेलो की ते वीस पावले पुढे. तीन तासांत मला मिळाल्या त्या बहुतेक शेपट्या.

मग पाणी चढू लागले. अमावस्येचे उधाण, आपल्या या किनाऱ्यावर भर दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते. वाळू आकसत गेली तसे पक्षी आपणहून आमच्याकडे सरकले आणि शेवटी सुरूंच्या पुढ्यातल्या अरुंद पट्टीवर दाटीवाटीने बसले. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. कित्येक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेले. अधूनमधून एखादा डोळा किलकिला होई आणि मिटे. मी वाळूवर पालथा पडून फोटो घेत होतो. इथेच थांबायला हवे होते.

“झोपलेले काय काढतोस? उडताना काढ,” मित्र म्हणाला. पण टाळ्या वाजवल्या त्या मी. थवा उठला, समुद्रावर वळसा घालून परत आला. फोटो हलला होता. पुन्हा टाळ्या. या वेळी अर्धे पक्षी चौकटीबाहेर. तिसऱ्यांदा जमले. तोच तुम्ही पाहिलेला फोटो.

सुरूखाली एक आजी टोपलीतल्या तिसऱ्या निवडत बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “कशाला उठवताय रे त्यांना? भरती हाय, जागा नाय त्यांना बसायला.”

परतीच्या एसटीत मित्राने ग्रंथालयातून आणलेले पुस्तक चाळले. त्या थव्यातले वाळूवरचे लहान चिखल्ये लडाख-तिबेटकडच्या उंच प्रदेशात अंडी घालतात आणि हिवाळा काढायला आपल्या किनाऱ्यावर येतात. वजन साठ-सत्तर ग्रॅम. ओहोटीत खायचे, भरतीत विसावायचे. त्यांचा दिवस आपल्या घड्याळावर चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी परतायचे, तर त्याआधी अंगावर चरबी साठायला हवी. उगाच घ्यावे लागलेले प्रत्येक उड्डाण त्यातूनच वजा होते. मी तीन वजा केली होती. अलिबागच्या पलीकडे किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींच्या घरट्यांसमोर महिनोन्‌महिने बसून त्यांचा संसार न्याहाळला होता. मला तासभर धीर निघाला नाही.

पालथे पडून घेतलेल्या फोटोंतला एक बरा आला आहे : एका पायावर झोपलेला चिखल्या, एक डोळा अर्धा उघडा. तो मी प्रदर्शनासाठी दिला होता, पण “यात काही घडत नाही,” म्हणून परत आला. सध्या टेबलाच्या काचेखाली आहे. ‘मुक्त विहार’ अजून वाचनालयाबाहेर टांगलेला आहे. निदान ती चिठ्ठी काढावी, असे मी दोनदा सांगून आलो. शिपाईमामा म्हणतात, वरून लेखी आणा.